जाणे म्हणजे कसे जाणे? : 'गो' या क्रियापदाची लिथुआनियन उलटतपासणी

इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकात जी दहा-बारा क्रियापदे भेटतात त्यांत 'गो' हमखास असते, आणि त्याच्यासमोर 'जाणे' असा एकच अर्थ छापलेला असतो. पुढे वर्षा-दोन वर्षांत त्या एका अर्थाचे पितळ उघडे पडू लागते. इंग्रजीत माणूस बाजारात 'जातो' तसे घड्याळही 'जाते'. दूध आंबट 'जाते', केस पांढरे 'जातात', माणूस वेडा 'जातो'. शाळेची घंटा 'जाते', पडद्याचा रंग भिंतीच्या रंगाबरोबर 'जातो'. आणि उद्या पाऊस पडणार असेल तर तोही पडायला 'जात असतो'. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशात 'जी' अक्षराचे काम हेन्री ब्रॅडली यांच्याकडे होते. त्यांनी या दोन अक्षरी शब्दाला पोटअर्थ आणि पोटअर्थांचे पोटअर्थ करत किती स्तंभ दिले आहेत ते ज्याने एकदा उलटून पाहिले, तो पुन्हा 'गो म्हणजे जाणे' असे बेफिकिरीने म्हणणार नाही.

या अनेकार्थतेचे आपल्याकडे फार कौतुक होते. एका शब्दाचे शंभर अर्थ, म्हणजे भाषा किती श्रीमंत, असे भाषणांतून ऐकू येते. माझे मत थोडे वेगळे आहे. ज्या शब्दाचे शंभर अर्थ असतात तो पुष्कळदा शंभर गोष्टी सांगायचे टाळत असतो. हे इंग्रजीतच बसून दिसत नाही, मराठीतूनही पुरते दिसत नाही, कारण आपले 'जाणे' बऱ्याच बाबतीत 'गो'सारखेच सैल आहे. त्यासाठी तिसरी भाषा लागते. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. भाषा शिकलो त्या कोश आणि व्याकरणे यांच्या पानांवरून, कोणत्याही विद्यापीठाच्या वर्गात नव्हे. त्या वाचनात 'गो'ची खरी उलटतपासणी घेताना मला आढळलेली भाषा म्हणजे लिथुआनियन. बाल्टिक समुद्राकाठच्या तीसेक लाखांहूनही कमी वस्तीच्या देशाची ही भाषा. तिच्यात 'मी गेलो' एवढेच वाक्य म्हणायची जवळजवळ सोयच नाही. बोलण्याआधी ती विचारते, कसा गेलास?

पायी गेला असाल तर क्रियापद 'एइति'. मोटार, आगगाडी, सायकल, बैलगाडी यांपैकी कशानेही गेला असाल तर 'वझुओति'. घोड्यावरून गेलात तर 'योति'. बोटीने, होडीने किंवा नुसते पोहत गेलात तर 'प्लाउक्ति'. विमानाने गेलात तर पाखरासारखे 'स्क्रिस्ति'. (लिथुआनियन शब्द देवनागरीत लिहिताना शेवटचा ऱ्हस्व मी मुद्दाम ठेवला आहे, कारण तो उच्चारही ऱ्हस्वच आहे. 'झ' मात्र आपल्या 'झाडा'तला नाही, 'ब्रेझनेव'मधला समजावा.) 'ती विल्नियसला गेली' हे इंग्रजी वाक्य लिथुआनियनमध्ये नेताना भाषांतरकाराला आधी ठरवावे लागते की बाई चालत गेली, गाडीने गेली की उडत गेली. मूळ लेखकाने ते कुठेच सांगितले नसेल, तर भाषांतरकाराने आपल्या पदरचे घालायचे किंवा 'वीक्ति' नावाचे एक सरकारी थाटाचे क्रियापद वापरायचे. राष्ट्राध्यक्ष कुठे गेले, शिष्टमंडळ कुठून आले, अशा बातम्यांत हे असते. विमानतळावरच्या आगमन-निर्गमनाच्या फलकांवरचे शब्दही त्यावरूनच बनलेले आहेत. पण घरातल्या बोलण्यात ते वापरले तर आपण 'मातोश्री मंडईकडे प्रस्थान करत्या झाल्या' म्हणावे तसे वाटते.

एवढ्यावर थांबत नाही. एकदा एका दिशेने जाणे आणि इकडे-तिकडे किंवा पुन्हापुन्हा जाणे यांची क्रियापदेही वेगळी. पायी ठराविक ठिकाणी जाणे 'एइति', नुसते हिंडणे 'वैक्श्चोति'. स्वारी करून कुठे तरी जाणे 'योति', घोड्यावर रपेट करणे 'योदिनेति'. अर्थात नियमाला सूटही आहे. मूल शाळेत 'जाते' म्हणजे शाळेत दाखल आहे, या अर्थी तिथेही 'एइति'च म्हणतात. मग ते रोज बसने का जात असेना. घड्याळही 'एइति', वेळही 'एइति'. वेळ आपल्याकडे जातो, पण घड्याळ चालते. लिथुआनियनमध्ये 'एइति' हे जाणे आणि चालणे दोन्ही असल्याने त्यांचे एकाच शब्दात भागते.

आता मराठी वाचकाच्या कानात काही घंटा वाजू लागल्या असतील, आणि त्या वाजायलाच हव्यात. 'एइति' हे संस्कृत 'एति'. सोळाव्या शतकातल्या जुन्या लिथुआनियन छापील पुस्तकांत याची 'एइमि', 'एइसि', 'एइति' अशी रूपे सापडतात. शेजारी 'एमि, एषि, एति' ठेवून पाहावीत. आजच्या भाषेत 'एइनु, एइनि, एइना' झाले असले तरी धातू तोच. 'वझुओति' निघाले आहे 'वेश्ति' या क्रियापदाच्या घरातून. 'वेश्ति' म्हणजे वाहनातून नेणे, वर्तमानात 'वेझु', मी वाहून नेतो. हा आपला 'वह्' धातू. आपले वाहन, लॅटिनमधला 'वेहो' आणि इंग्रजीतले 'वॅगन' व 'वे' (रस्ता) हे सगळे एका गोतावळ्यातले. 'प्लाउक्ति' हे संस्कृत 'प्लु'च्या घरातले. आणि 'योति' म्हणजे संस्कृत 'याति'.

या 'योति'पाशी जरा थांबू. संस्कृत शब्दाच्या आरंभीचा 'य' प्राकृतात 'ज' झाला. यवाचे जव झाले, योगाचा जोग झाला, यात्रेची जत्रा झाली. तसेच 'याति'चे प्राकृतात 'जाइ' झाले आणि मराठीत 'जाणे'. ज्यूल ब्लॉक यांच्या मराठीवरच्या १९२० च्या ग्रंथापासून टर्नर यांच्या भारतीय-आर्य भाषांच्या कोशापर्यंत कुणालाही विचारा, याविषयी दुमत नाही. म्हणजे आपण रोज शंभर वेळा उच्चारतो ते 'जाणे' आणि लिथुआनियन माणसाचे घोड्यावर बसून जाणे हे सख्खे भाऊ. एकाच मूळ धातूतून एका टोकाला घोडा तेवढा उरला आणि दुसऱ्या टोकाला घोडा, गाडी, रस्ता सगळे गळून नुसती गती उरली. संस्कृतात 'या'वरून 'यान' होते, म्हणजे वाहनाचा वास तिथे अजून शिल्लक होता. मराठीने तो पुसला. पुण्याहून साताऱ्याला जाणे, वाया जाणे, तोल जाणे, वीज जाणे, भिंतीला तडा जाणे, आणि 'केले जाते'मधले निव्वळ व्याकरणापुरते जाणे, इथपर्यंत त्या घोड्याची मजल गेली.

एक गंमत अशी की या सैल झालेल्या क्रियापदांना आपला भूतकाळही सांभाळता आला नाही. 'जातो'चा भूतकाळ 'जाला' होत नाही, 'गेला' होतो, आणि तो येतो 'गत'वरून, म्हणजे 'गम्' या परक्या धातूवरून. इंग्रजीचेही तेच. 'गो'चा भूतकाळ जुन्या इंग्रजीतही वेगळ्याच मुळाचा होता; पुढे पंधराव्या शतकाच्या आसपास 'वळणे' या अर्थाच्या 'वेन्ड'चा भूतकाळ 'वेन्ट' उचलून 'गो'ला जोडला गेला. लिथुआनियन 'एइति'ने मात्र आपला भूतकाळ 'एयो' स्वतःच्याच घरातून काढला.

आपल्या 'गेला'तला 'गम्' इंग्रजीत 'कम' होऊन बसला आहे, म्हणजे आपले जाणे तिकडे येणे झाले. लिथुआनियनमध्ये तोच धातू 'गिम्ति' झाला आणि त्याचा अर्थ झाला जन्मणे. जगात येणे म्हणजे जन्मणे, हे समजायला कठीण नाही. पण त्याच 'गिम्ति'ला 'अत्सि' हा उपसर्ग जोडून 'अत्सिगिम्ति' असे एक क्रियापद होते. मुलगा बापाच्या वळणाचा निघाला की लिथुआनियन म्हणतात, तो बापात 'अत्सिगिमे'. आपण म्हणतो, बापावर 'गेला'. धातू एक, प्रसंग एक. हे वाचून मी हरखलो होतो, पण याचा अर्थ दोन्ही भाषांनी पाच हजार वर्षांपूर्वीची एक म्हण जपून ठेवली असा काढणे चूक ठरेल. त्यांच्याकडे मूल बापासारखे 'जन्मते', आपल्याकडे ते बापाच्या बाजूला 'जाते'. दोन वेगळ्या वाटांनी येऊन दोन शब्द एका ओट्यावर बसले आहेत, इतकेच. व्युत्पत्तीच्या नादात असे योगायोग फार भेटतात, आणि त्यांना पुरावा समजण्याचा मोह त्याहून जास्त.

हा मोह किती दूर नेतो ते आपल्याकडे दिसतेच. 'लिथुआनियन ही संस्कृतची लेक आहे' असे विधान अधूनमधून व्याख्यानांतून आणि लेखांतून येते, सोबत अग्नी-'उग्निस', सूनु-'सूनुस', धूम-'दूमास', दंत-'दान्तिस' अशा जोड्यांची यादी असते. जोड्या खऱ्या आहेत. निष्कर्ष खोटा आहे, आणि तो खोटा आहे हे सिद्ध करायला परदेशी पंडितांची साक्षही लागत नाही. वर आलेला 'वेझु' पुरतो. संस्कृतात मूळचे ऱ्हस्व ए, ओ आणि अ हे तीन स्वर एकाच 'अ'मध्ये बुडाले. म्हणून 'वह', 'मधु', 'सप्त', 'दश', 'अस्ति' या सगळ्यांत 'अ'च दिसतो. लिथुआनियनमध्ये 'वेझु', 'मेदुस', 'सेप्तिनि', 'देशिम्त', आणि जुन्या वळणात 'एस्ति'. आता लॅटिन आणि ग्रीक पाहा: वेहो, मेथु, सेप्तेम, देकेम, एस्ति. जिथे त्या दोन भाषांत 'ए' तिथेच लिथुआनियनमध्येही 'ए'. ही भाषा संस्कृतातून निघाली असती तर एकदा 'अ'मध्ये विरघळून गेलेला 'ए' तिने नेमका योग्य त्याच शब्दांत परत कसा शोधून काढला असता? विरघळलेल्या साखरेतून पुन्हा तोच खडा काढता येत नाही. उलट बाजूने, संस्कृतने 'धूम' आणि 'मधु'तला 'ध' राखला, लिथुआनियनने तो गमावून 'द' केला. म्हणून संस्कृतही लिथुआनियनची लेक नाही. दोघी बहिणी. एकीने आईची एक वस्तू जपली, दुसरीने दुसरी.

हे नाते युरोपीय अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकातच ओळखले होते. फ्रान्त्स बॉप यांनी १८३३ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या तौलनिक व्याकरणात लिथुआनियनला जागा दिली. आउगुस्ट श्लायखर १८५२ मध्ये पूर्व प्रशियातल्या लिथुआनियन खेड्यांतून फिरले आणि तिथल्या बोलण्यावरून त्यांनी १८५६ मध्ये व्याकरण छापले. तरुण सोस्यूरनेही त्या भाषेच्या आघातांवर डोके झिजवले. आपल्याकडे सुनीतिकुमार चटर्जी यांनी बाल्ट आणि आर्य यांच्या संबंधांवर १९६८ मध्ये सिमल्याच्या उच्च अध्ययन संस्थेतून एक पुस्तक काढले, तेही संयमाने लिहिलेले. आणि मुंबईपुरते सांगायचे तर १९२९ मध्ये अंतानास पोश्का आणि मातास शाल्चुस हे दोन लिथुआनियन कौनासहून मोटारसायकलवर बसून निघाले होते. पोश्का अनेक देश ओलांडत मुंबईला पोचला, इथे शिकला आणि पुढे कलकत्त्याला गेला. इंग्रजीत तो भारतात 'वेन्ट'. त्याच्या भाषेत त्याने निघताना वापरले असणार ते क्रियापद 'वह्'च्या घरातले.

असो. मुख्य मुद्द्याकडे येतो.

'गो'चे जे पसरट अर्थ इंग्रजीत आहेत त्यांतला एक मोठा गठ्ठा 'होणे', म्हणजे एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाणे, या अर्थाचा आहे. आंबट, वेडा, आंधळा, बहिरा, पांढरा ही विशेषणे पुढे ठेवायची आणि मागे 'गो' जोडायचे. लिथुआनियन इथे 'जाणे' वापरतच नाही. दूध 'सुरूग्ति', माणूस 'इश्प्रोतेति' ('प्रोतास' म्हणजे बुद्धी, त्यातून बाहेर), डोळे गेले तर 'अपाक्ति', कान गेले तर 'अप्कुर्स्ति', केस पिकले तर 'प्रझिल्ति', दिवा मालवला तर 'उझगेस्ति'. प्रत्येकाला स्वतःचे क्रियापद, आणि पुढचा उपसर्ग सांगतो की क्रिया पूर्ण झाली. मराठी या प्रांतात इंग्रजीपेक्षा लिथुआनियनच्या जवळ बसते. आपले दूध नासते, ताक आंबते, केस पिकतात, दिवा विझतो, माणूस बहकतो. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या पिढीच्या तोंडी आता 'दूध खराब झालं', 'केस व्हाइट झाले' असे येऊ लागले आहे. नासणे, विटणे, आंबणे, फाटणे हे दुधाचे चार वेगळे हाल होते. त्यांचा एक 'खराब' झाला. 'गो'चा प्रभाव असा 'जाणे'वर न पडता भलतीकडेच पडतो.

भविष्याचेही तसेच. इंग्रजीने 'करायला जात आहे' यावरून नवा भविष्यकाळ बनवला. लिथुआनियनला याची गरज पडली नाही. 'दुओस्यु' म्हणजे मी देईन, 'एइस्यु' म्हणजे मी जाईन. 'दास्यामि' आणि 'एष्यामि' शेजारी ठेवले की पुढे काही सांगायला नको. हा 'स्य' मराठीच्या 'देईन'मध्ये दिसत नाही, गुजरातीच्या 'करीश'मध्ये दिसतो. मराठीत 'करायला जाणे' आहे, पण त्याचा रोख भलताच: 'करायला गेलो एक आणि झालं भलतंच'.

उलट काही ठिकाणी लिथुआनियनचे 'जाणे' असे वागते की इंग्रजीला तोंडात बोट घालावे लागेल. कुणी एखाद्या पदाची सूत्रे सांभाळतो तेव्हा तो ते कर्तव्य 'जातो'. 'प्रभारी' अधिकाऱ्याला तिथे 'कर्तव्य जात असलेला' अशा अर्थाचा शब्द आहे. पहारेकरी पहारा 'जातो'. आणि कुणी अविश्वसनीय काही सांगितले की ऐकणारा म्हणतो, 'एइक तु!', शब्दशः 'जा तू!'. आपले 'जा रे, काहीतरीच!' याहून वेगळे नाही.

पण या भाषेची खरी ताकद उपसर्गांत आहे. 'अत' लावले की येणे, 'इश' लावले की बाहेर जाणे, 'उझ' लावले की जाता जाता डोकावणे, 'सु' लावले की एकत्र जमणे. हा शेवटचा 'सु' आपल्या 'सम्'च्या नात्यातला. 'सुएइति' म्हणजे सम् + इ, आणि आपली 'समिती' तरी दुसरी काय आहे? 'अतेइति'वरून 'अतेइतिस' म्हणजे येणारा काळ, भविष्य. 'प्रएइति' म्हणजे ओलांडून जाणे, त्यावरून 'प्रएइतिस' म्हणजे भूतकाळ. आता 'प्र' हाच उपसर्ग आणि 'इ' हाच धातू घेऊन संस्कृतने काय केले? 'प्र + इत', 'प्रेत'. पुढे निघून गेलेला. तिथे इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर जो शब्द छापतात त्याच घडणीचा शब्द आपण स्मशानात वापरतो. 'अति + इत' यावरून 'अतीत' करून संस्कृतनेही भूतकाळाला हाच धातू दिला, तो भाग निराळा.

मरणाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. माणसाच्या मरणाला लिथुआनियनमध्ये 'मिर्ति' म्हणतात, तो आपला 'मृ'. गाय, कुत्रा, घोडा यांच्यासाठी मात्र हे क्रियापद चालत नाही, वेगळी आहेत. अपवाद एकच, मधमाशी. मधमाशी माणसासारखी 'मिर्ति'. मधमाश्यांच्या पोळ्यावरून जुळलेल्या मैत्रीला त्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे, आणि मित्र या अर्थाने तो आज सर्रास वापरतात.

या उपसर्गांत मला सर्वात मोलाचा वाटतो तो 'पर'. 'परेइति' म्हणजे घरी येणे, पायी. 'परवझुओति' म्हणजे गाडीने घरी येणे. 'परयोति' म्हणजे घोड्यावरून घरी येणे. नुसते परत येणे नव्हे. कुठल्याही जागी परत येणे निराळे, घरी येणे निराळे, आणि त्यासाठी 'घर' हा शब्द वाक्यात असायलाही नको. इंग्रजीला यासाठी दोन-तीन शब्द लागतात आणि वाहन तरीही हरवतेच. लिथुआनियन लोकगीतांचा, म्हणजे 'दाइनां'चा, पहिला संग्रह १८२५ मध्ये लुडविग रेझा यांनी प्रसिद्ध केला. त्या परंपरेतल्या युद्धगीतांत एक प्रसंग पुन्हापुन्हा येतो. भाऊ लढाईवर निघतो, बहिणी वाट पाहतात, आणि एके दिवशी त्याचा घोडा एकटाच दारात येतो. नांगराचा घोडा 'अर्क्लीस', तो नांगरणीच्या क्रियापदावरून. पण हा स्वारीचा घोडा, त्याचे नाव 'झिर्गास'. भाऊ गेला तेव्हा क्रियापद 'योति'चे, म्हणजे वर स्वार आहे. घोडा आला तेव्हा क्रियापद 'परबेग्ति', धावत घरी येणे. 'परयोति' नाही. स्वार पडला हे सांगायला गीताला वेगळी ओळ लागत नाही. बहिणीला आणि ऐकणाऱ्याला ते क्रियापदातच कळते. हेच इंग्रजीत 'वेन्ट' आणि 'केम' झाले, आणि तिथून मराठीत 'गेला' आणि 'आला' झाले, तर आपल्या हाती काय लागते? चांगला इंग्रजी भाषांतरकार 'रोड' लिहील हे मान्य. पण आपल्याकडे येणारे पूर्व युरोपातले बहुतेक साहित्य इंग्रजीवरून येते, आणि दोन भाषांतरांच्या गाळणीतून घोडा पार होईल याची खात्री कुणी द्यावी? आपण मराठीत 'जगाचे साहित्य' वाचतो असे म्हणतो तेव्हा पुष्कळदा इंग्रजीला जेवढे ऐकू आले तेवढेच वाचत असतो.

लग्नाच्या शब्दांतही हेच. पुरुषाने लग्न करणे म्हणजे 'वेस्ति', नेणे. आपल्या 'परिणया'तला 'नी' धातू याच अर्थाचा, आणि 'वधू' हा शब्द तर या लिथुआनियन क्रियापदाच्या मुळाचाच मानतात. स्त्रीने लग्न करणे म्हणजे 'इश्तेकेति', वाहत बाहेर जाणे. नदी वाहते त्याला 'तेकेति', सूर्य उगवतो त्यालाही 'तेकेति'. एकीकडे मुलीला घरातून पाण्यासारखी निघून जाणारी म्हटले आहे, आणि दुसरीकडे तेच क्रियापद उगवत्या सूर्याला दिले आहे. इंग्रजीत दोघेही 'मॅरी' करतात. समतेच्या दृष्टीने ते बरेच म्हणायचे. मात्र शब्दात साठलेली सासरी जाण्याची गोष्ट त्यात उरत नाही.

वाहून नेण्याचीही दोन क्रियापदे आहेत. हातात किंवा पाठीवर नेणे 'नेश्ति', वाहनातून नेणे 'वेश्ति'. हा भेद त्या देशाच्या इतिहासात दोन ठिकाणी ठसला आहे. १८६४ ते १९०४ अशी चाळीस वर्षे झारच्या सरकारने लॅटिन लिपीत लिथुआनियन पुस्तके छापायला बंदी घातली होती. पुस्तके सीमेपलीकडे प्रशियात छापली जात आणि शेतकरी ती रात्री चोरून आणत. त्या लोकांना 'क्निगनेशीस' म्हणतात, म्हणजे पुस्तके 'नेश्ति' करणारा. 'पुस्तकांचे तस्कर' हे इंग्रजीवरून आलेले भाषांतर गुन्ह्याकडे बोट दाखवते. मूळ शब्द दाखवतो पाठीवरचे ओझे. याच बंदीच्या काळात, १९०१ मध्ये, योनास याब्लोन्स्किस यांचे व्याकरण टोपणनावाने टिल्झिटला छापले गेले. आजच्या प्रमाण लिथुआनियनचा पाया ते मानतात. पुढे काझिमेरास बूगा यांनी आरंभलेल्या शब्दसंग्रहातून जो महाकोश उभा राहिला त्याचा पहिला खंड १९४१ मध्ये निघाला आणि विसावा २००२ मध्ये.

पहिल्या खंडाचे ते १९४१ साल दुसऱ्या क्रियापदाचेही. १४ जूनच्या पहाटेपासून सोव्हिएत सत्तेने घराघरांतून माणसे उचलून मालगाड्यांत भरली. काही दिवसांत सुमारे १७ हजार माणसे पूर्वेला धाडली गेली. पुस्तकी भाषेत याला हद्दपारीचा शब्द आहे. पण घरात, म्हातारी माणसे बोलताना, 'इश्वेझे' म्हणतात. 'वेश्ति'ला 'बाहेर' हा उपसर्ग लावून: वाहनात घालून बाहेर नेले. कुणी नेले ते सांगत नाहीत, सांगावे लागत नाही. त्या गाड्यांत दाल्या ग्रिन्केविचुते ही चौदा वर्षांची मुलगी आई आणि भावाबरोबर होती. वडिलांना वेगळे काढून छावणीत पाठवले, तिथेच ते गेले. मुलगी लाप्तेव समुद्राच्या काठावर पोचली. १९४९ मध्ये ती आईला घेऊन चोरून कौनासला परतली, कारण आईला मायभूमीत मरायचे होते. तिथे दाल्याने आठवणी लिहिल्या आणि ते कागद काचेच्या बरणीत घालून जमिनीत पुरले. त्या १९८७ मध्ये वारल्या. बरणी सापडली १९९१ मध्ये.

१९८८ च्या ३ जूनला विल्नियसमध्ये 'सायूदिस' ही चळवळ उभी राहिली. त्या नावात 'सम्'चा नातलग 'सा' आहे, आणि पुढचे 'युदेति', हलणे, हे आपल्या 'युध्'चे भावंड. पुढच्या वर्षी सैबेरियात मेलेल्यांच्या अस्थी शोधून आणायला लोक निघाले. गोठलेली जमीन खणून पेट्या विमानांनी लिथुआनियात आणल्या. त्या आणण्याला लिथुआनियन शब्द आहे 'परवेश्ति': वाहनातून, घरी. ज्या क्रियापदाने नेले होते त्याचाच पुढचा उपसर्ग फक्त बदलला आहे.